ईस्टरचा साबण बुधवारी नको, शनिवारी करा

विचारणाऱ्या ताई वसईच्या. दोन शाळकरी मुलं, घरच्या नारळांचं घाण्यावर काढलेलं खोबरेल. यंदा प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, दुकानातली प्रसाधनं बंद ठेवून साबण, केसांचं तेल, टाचांचं मलम घरीच करायचं, हा काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी साबण घालून ईस्टरला नात्यात वड्या वाटायच्या, असा बेत आहे. शंका दोन. साबण ‘नैसर्गिक’ हवा, तर कॉस्टिक सोडा टाळता येईल का? आणि उपवासाच्या दिवसांत ही अंगाची निगा बरी दिसते का?

दुसरी शंका आधी निकालात काढू. राखेच्या बुधवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं शुभवर्तमान वाचतात. उपवास करताना तोंड पाडून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपवास माणसांना कळणार नाही, असं त्यात येशू सांगतो. म्हणजे ज्या दिवशी उपवास सुरू होतो त्याच दिवशी तेलपाणी करायला सांगितलं आहे. अंग धुणं, केस सांभाळणं यात त्यागाला बाधा येत नाही. सुगंध आणि रंगरंगोटी बंद ठेवून ते पैसे दानाला द्यायचे असतील तर उत्तमच, फक्त घरचं म्हणजे स्वस्त असं धरून चालू नका. खोबरेल, एरंडेल आणि मेण यांचा हिशोब मांडला तर पहिल्या खेपेला दुकानातली वडीच स्वस्त निघते.

आता कॉस्टिक. त्याच्याशिवाय साबण होत नाही. तेल आणि कॉस्टिक एकमेकांवर काम करतात तेव्हा साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. माप बरोबर असेल तर मुरलेल्या वडीत मोकळं कॉस्टिक उरत नाही, उलट थोडं तेल उरतं. ‘कॉस्टिकविना साबण’ म्हणून विकतात तो तयार बेस वितळवून साच्यात ओतलेला असतो. त्यातलं कॉस्टिकचं काम कारखान्यात आधीच उरकलेलं असतं. तो वापरायला हरकत नाही, पण मग तुमचं घाण्याचं खोबरेल त्यात जाणार नाही.

काही जणी राखेच्या पाण्याने साबण करण्याचं सुचवतात. लाकडाच्या राखेतून पोटॅशियमचा क्षार निघतो आणि पूर्वी त्यावर साबण होत असे, हे खरं. मात्र तो साबण मऊ, लिबलिबीत होतो, वडी धरत नाही, आणि राखेच्या पाण्याची ताकद दर वेळी वेगळी असते. माप कळत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. जाता जाता, राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळाला लावतात ती राखही पाण्यात कालवलेली असेल तर थोडा क्षार सोडते. एखाद्या मुलाच्या कपाळाला खाज सुटली, लाल झालं, तर साध्या पाण्याने धुऊन टाका. राख किती वेळ ठेवावी असा चर्चचा काही नियम नाही.

बुधवारी मात्र साबण करू नका. त्या दिवशी एकच पोटभर जेवण आणि दोन हलकी खाणी असतात, सकाळची किंवा संध्याकाळची मिस्सा असते, मुलांची शाळाही असते. रिकाम्या पोटी, चक्कर येत असताना आणि घड्याळाकडे बघत कॉस्टिक हाताळणं धोक्याचं. त्यानंतरचा शनिवार घ्या. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे, ईस्टर 28 मार्चला. 13 फेब्रुवारीच्या शनिवारी साबण केला तर 27 मार्चला, पवित्र शनिवारी, बरोबर सहा आठवडे भरतात. खाली दिलेल्या पद्धतीच्या साबणाला चार ते सहा आठवडे मुरणं लागतंच, त्यामुळे प्रायश्चित्तकाळाचं आणि साबणाचं गणित असं छान जुळतं. नाताळचं तसं जुळत नाही. नाताळआधीचा आगमनकाळ सुरू झाल्यावर साबण घातला तर जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. नाताळच्या वड्या सर्व संतांच्या सणाच्या आसपास, म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सुमारास, घालाव्यात.

साहित्य सगळं वजनावर घ्या, मापाच्या भांड्याने नको. 300 ग्रॅम खोबरेल म्हणजे साधारण 325 मिलिलिटर, आणि हाच फरक नवख्यांना नडतो.

खोबरेल 300 ग्रॅम, राईस ब्रॅन तेल 150 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम. कॉस्टिक सोडा 75 ग्रॅम, पाणी 150 ग्रॅम. पाणी शक्यतो डिस्टिल्ड घ्या, जड पाण्यातले क्षार नकोत.

हे आकडे कुठून आले ते समजून घ्या, म्हणजे तेल बदललं तरी अडणार नाही. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण 0.183 ग्रॅम कॉस्टिक लागतं, राईस ब्रॅनला 0.133, एरंडेलाला 0.128. म्हणजे 54.9, 19.95 आणि 6.4, बेरीज सुमारे 81. त्यातून जवळजवळ आठ टक्के मुद्दाम कमी करून 75 घेतलं. तेवढं तेल साबणात मोकळं राहतं, त्याला सुपरफॅट म्हणतात. खोबरेल फेस भरपूर देतं आणि वडी कडक करतं, पण अंगावरचं तेलही ओरबाडून नेतं, म्हणून इथे पाचाऐवजी आठ टक्के. घरात कोणाची त्वचा कोरडी असेल तर खोबरेल 150, राईस ब्रॅन 300, एरंडेल 50 असं करा. त्याला कॉस्टिक 69 ग्रॅम आणि पाणी 140. हा साबण जास्त सौम्य होतो, पण मऊ राहतो आणि लवकर खवट होतो. वसईच्या विहिरींचं पाणी जिथे मचूळ आहे तिथे पहिलाच घ्या, कारण जास्त खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो.

पाचशे ग्रॅम तेलापेक्षा लहान घाणा पहिल्यांदा करू नका. एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर 75 ग्रॅममध्ये एक ग्रॅम चुकलं तर चूक सव्वा टक्क्याची असते. शंभर ग्रॅम तेलाला पंधरा ग्रॅम कॉस्टिक घेताना तेवढंच चुकलं तर जवळजवळ सगळं सुपरफॅट तिथेच संपतं आणि वडी अंगाला झोंबू शकते.

कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, शुद्धता 95 टक्क्यांच्या वर. धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा सोडा वेगळा, आणि नळी मोकळी करायची पावडर तर अजिबात नको, तिच्यात ॲल्युमिनियमचे कण असू शकतात. खोबरेल खाण्याचं घ्या. ‘हेअर ऑइल’ लिहिलेल्या बाटलीत लिक्विड पॅराफिन असलं तर त्याचा साबण होत नाही, आणि मग तुम्ही धरलेलं कॉस्टिकचं माप जास्त ठरतं.

भांडी स्टीलची किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनची. ॲल्युमिनियम आणि हिंडालियम कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन वायू सोडतं. कल्हईचं पितळही नको. काच ऐनवेळी तडकते. डोळ्यांना सुरक्षेचा चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा जुना ड्रेस, पायात बंद चप्पल, खिडकी उघडी. मुलं आणि मांजर घराबाहेर, म्हणजे घराबाहेरच, दुसऱ्या खोलीत नव्हे. या सगळ्या कामाला दीड तास लागतो, तेव्हा मुलं आजीकडे किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गाला असतील अशी वेळ धरा.

पाण्यात कॉस्टिक टाकायचं. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उकळून अंगावर उडतं. थोडं थोडं टाकत लाकडी नव्हे, स्टीलच्या चमच्याने ढवळा. पाणी आपोआप 80–90 अंशांपर्यंत तापतं, वाफ घशाला लागते, तोंड बाजूला ठेवा. भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवलं तर अर्ध्या-पाऊण तासात चाळीस अंशांवर येतं. त्या वेळात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, उरकू असा मोह होतो. नका करू, हे भांडं डोळ्यांआड ठेवायचं नसतं, त्याच्यावर ‘कॉस्टिक’ अशी चिठ्ठी चिकटवून शेजारीच थांबायचं.

तोवर तेलं एकत्र करून तीही 38 ते 43 अंशांवर आणा. खोबरेल 24 अंशांखाली थिजतं, आणि फेब्रुवारीतल्या गार सकाळी ते हमखास थिजलेलं असतं. दोन्ही त्याच तापमानाच्या आसपास आलं की कॉस्टिकचं पाणी तेलात बारीक धारेने ओता. हँड ब्लेंडर भांड्याच्या तळाशी टेकवून काही सेकंद फिरवा, मग बंद ठेवून त्यानेच ढवळा, पुन्हा फिरवा. दोन ते पाच मिनिटांत मिश्रण पातळ कस्टर्डसारखं होतं आणि वरून टाकलेली धार क्षणभर पृष्ठभागावर दिसते. याला ट्रेस म्हणतात. रवीने ढवळलं तर पाऊण तासही लागतो. घाण्याच्या तेलात मोकळी आम्लं जास्त असतात, त्यामुळे ट्रेस अचानक येतो. साचा आधीच तयार ठेवा. सिलिकॉनचा साचा किंवा आतून बटर पेपर लावलेला दुधाचा रिकामा खोका चालतो.

या मिश्रणात लिंबाचा रस घालायचा आग्रह दिसतो. लिंबू कॉस्टिक खाऊन टाकतं, वडी मऊ राहते, आणि ‘क’ जीवनसत्त्व वगैरे काही उरत नाही. ताज्या फळांचा गर सडतो. हळद कॉस्टिकमध्ये लालसर होते, नंतर पिवळ्या-केशरीवर येते, आणि पांढऱ्या टॉवेलला डाग धरते. पहिला घाणा साधाच ठेवा.

ओतल्यावर साचा पातळ कापडाने झाका. जाड गोधड्यांत गुंडाळण्याचा सल्ला थंड देशांतला आहे. आपल्याकडे तसं केलं तर मिश्रण मधोमध तापून फुगतं, चीर पडते. वापरलेली भांडी दुसऱ्या दिवशी धुवा, तोवर कडांना लागलेल्याचा साबण झालेला असतो. जास्त खोबरेलाचा हा साबण बारा ते अठरा तासांत कापण्याजोगा होतो. ‘अजून थोडा कडक होऊ दे’ म्हणून दोन दिवस थांबलात तर सुरीखाली तुकडे उडतात. मोजे घालूनच कापा, कच्च्या वडीत अजून कॉस्टिक जिवंत असतं. सुमारे सात वड्या निघतील. बांबूच्या टोपलीत किंवा जाळीवर एकमेकींना न लागता, सावलीत आणि वाऱ्याला ठेवा, आठवड्याने उलटा.

बिघाड ओळखायचे असे. वर पांढरी भुकटी आली तर तो धुण्याचा सोडाच, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालेला. निरुपद्रवी आहे, ओल्या कापडाने पुसा. वडीत पांढरे कडक खडे किंवा पाण्याचे खिसे दिसले तर कॉस्टिक नीट मिसळलेलं नाही, वापरू नका. तेल वर तरंगलं तर मिश्रण गार असताना खोबरेल थिजून दाट दिसलं आणि तुम्ही त्यालाच ट्रेस समजलात. मोजे घालून भांड्यात परत घ्या, मंद आचेवर पाण्याच्या भांड्यात गरम करून पुन्हा फिरवा. नारिंगी ठिपके म्हणजे तेल खवट झालं; ते पावसाळ्यात आणि राईस ब्रॅनच्या साबणात जास्त दिसतात. पावसाळ्यात वडीवर दव येतं ते ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं म्हणून. फेब्रुवारी-मार्च त्या दृष्टीनेही बरा.

चार आठवड्यांनी ओलं बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला लावा. नुसती साबणाची चव लागली तर ठीक. छोट्या बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसला तर मोकळं कॉस्टिक उरलंय. लिटमसच्या पट्टीवर विसंबू नका, चांगला साबणही 9–10 पीएचचाच असतो. त्वचेचा साधारण पाचच्या आसपास असतो, म्हणून इसब असलेल्या मुलाला किंवा तान्ह्याला घरचा साबण, कितीही नैसर्गिक असला तरी, नको.

कॉस्टिक अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. व्हिनेगर ओट्यावर सांडलेल्यासाठी ठीक आहे, कातडीवर किंवा डोळ्यात नाही. डोळ्यात गेलं तर तेवढंच धुऊन लगेच दवाखाना. कोणी गिळलं तर उलटी करवू नका, तडक दवाखान्यात न्या.

केसांचं तेल याच्या मानाने अगदीच सोपं. अर्धा लिटर खोबरेलाला वीस ग्रॅम सावलीत पूर्ण वाळवलेली जास्वंदीची पानं आणि कढीपत्ता. ताजी पानं टाकू नका. पानातलं पाणी तेलात राहतं आणि तळाशी बुरशी धरते. पाण्याच्या भांड्यात तेलाचं भांडं ठेवून मंद आचेवर तासभर, बुडबुडे थांबेपर्यंत. रोझरी म्हणायची तर इथे म्हणा. गाळून कोरड्या, गडद बाटलीत भरा, तीन महिन्यांत संपवा. हे तेल केस वाढवत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या रेळे आणि मोहिले यांच्या अभ्यासात खोबरेल केसाच्या आत शिरून प्रथिनांचा ऱ्हास कमी करतं असं दिसलं; सूर्यफूल आणि खनिज तेलात तसं दिसलं नाही. म्हणजे फायदा आहे तो तुटणं कमी होण्याचा, आणि तो खोबरेलाचा आहे, पानांचा नव्हे. घरात लहान मूल असेल तर तेलात कापूर टाकू नका. थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात.

टाचांच्या मलमाला आपल्या कोकणात सगळ्यात चांगली वस्तू आहे ती कोकमाच्या बियांचं तूप, म्हणजे भिरंडेल किंवा मुठेल. मुठेल 30 ग्रॅम, खोबरेल 60, मधमाशीचं मेण 10. मेण 62–64 अंशांवर वितळतं, म्हणून आधी मेण आणि खोबरेल पाण्याच्या भांड्यात वितळवा, उतरवून मुठेल घाला, डबीत ओता आणि डबी लगेच फ्रिजमध्ये ठेवा. सावकाश गार झालं तर मलम दाणे धरतं. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून पुसल्यावर, ओलसर असतानाच लावा आणि वर सुती मोजे. रोज रात्री दोन आठवडे लावलं तर ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुतात तोपर्यंत टाचा दाखवण्याजोग्या होतील. चीर रक्ताळलेली असेल किंवा मधुमेह असेल तर मलमाचा नाद सोडून डॉक्टरांकडे जा.

मेणाच्या बाबतीत एक सांगायला हवं. देवघरातल्या किंवा चर्चमधून आणलेल्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून वापरता येतील का, असं नेहमी विचारतात. बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या, त्यात रंग आणि वास मिसळलेला; ओठ आणि टाचांसाठी ते नको. शिवाय आशीर्वादित वस्तू अशा वापरायच्या नसतात, त्या जाळतात किंवा पुरतात. आशीर्वादित तेलही मलमात नको. झावळ्यांच्या रविवारच्या जुन्या झावळ्या पुढच्या वर्षीच्या राखेसाठी चर्चमध्ये परत द्यायच्या, तसाच हा नियम समजा.

चेहऱ्याला दोन चमचे मसुराचं पीठ आणि लागेल तेवढं दही पुरतं. कालवलेलं लेपण त्याच वेळी संपवा. पाणी असलेल्या आणि टिकवणारं काही नसलेल्या मिश्रणात फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांत जंतू वाढतात. लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डाग आणि फोडही येतात, म्हणून क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला दुपारी जायचं असेल तर लिंबाला हात लावू नका. कोरफडीचं पान कापल्यावर पंधरा मिनिटं उभं ठेवून पिवळा चीक गळू द्या, खाज सुटते ती त्या चिकाने. नवी कुठलीही गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा.

वाटायला हरकत नाही. पण पॅरिशच्या जत्रेत किंवा व्हॉट्सॲपवर पैसे घेऊन विकायचं ठरवलं तर कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 खाली राज्याच्या एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, परवाना लागतो, घरगुती म्हणून सूट नाही. नात्यात द्यायच्या वड्या प्लास्टिकमध्ये बांधू नका, घाम धरतात. बटर पेपर आणि सुतळी पुरे. वर चिठ्ठीत तेलांची नावं, साबण घातल्याची तारीख आणि ‘डोळ्यांपासून दूर ठेवा’ एवढं लिहा. शेंगदाणा, बदाम किंवा तीळ यातलं काही वापरलं असेल तर ते ठळक लिहा, कारण ज्यांच्या घरी वडी जाईल तिथल्या मुलांना कशाची ॲलर्जी आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.